छंदाची पेरणी आधी गुंठाभर



आपल्या घरात 'छंद' हा शब्द फारशा कौतुकाने उच्चारला जात नाही. 'पोराला छंद लागलाय' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी पत्ते येतात, नाहीतर तंबाखू येते. ज्याचे पीक पावसावर आणि बाजार दुसऱ्याच्या हातात, त्याला छंद परवडत नाही अशी आपली जुनी समजूत. त्यातून तो छंद डोळ्यांना न दिसणारा असला तर विचारायलाच नको. मुलगा गवंडीकाम शिकला तर भिंत दिसते. मुलगी शिवण शिकली तर बाळाचे झबले दिसते. पण कानाला हेडफोन लावून संगणकापुढे तासन्‌तास बसलेला मुलगा नेमके काय करतो, हे घरच्यांना दिसत नाही. आवाज काही मुठीत धरून दाखवता येत नाही.

अलीकडे गावोगाव फिरताना अशा मुलांची तक्रार माझ्या कानावर वरचेवर येते. कांद्यावरच्या करप्याचे विचारून झाले की बाप हळूच म्हणतो, "साहेब, जाता जाता आमच्या पोराला चार शब्द सांगा. दिवसभर कानाला डबडं लावून बसतंय." म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून या आवाजाच्या कामाबद्दल, म्हणजे ध्वनिसंपादनाबद्दल, थोडे बोलतो. चार शब्द पोरासाठी आहेत आणि चार बापासाठीही आहेत.

काम नवे नाही

पहिली गोष्ट ही की हे काम मोबाइलबरोबर आलेले नाही. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या ५ जिल्ह्यांतील १५० खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. पुणे केंद्रावरून कार्यक्रम लागायचा, गावकरी एकत्र बसून ऐकायचे आणि नंतर त्यावर चर्चा करायचे. पुढे 'माझं घर माझं शेत' हा कार्यक्रम आपल्यापैकी कितीतरी जणांनी गोठ्यात धारा काढताना ऐकला. तज्ज्ञ बोलायचा तेव्हा ते किती सरळ आणि अखंड वाटायचे! पण तो तज्ज्ञ मुळात तसा अखंड बोललेला नसायचा. मध्ये तो अडखळायचा, खोकायचा, एकच वाक्य दोनदा म्हणायचा. ते सारे कुणीतरी आधीच काढून टाकलेले असे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी आकाशवाणीवर भाषणाच्या ध्वनिमुद्रणासाठी गेलो होतो, तेव्हा हे काम जवळून पाहिले. त्या वेळी आवाज पाव इंच रुंदीच्या फितीवर घेत. फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावे. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा खोकला फितीवर पावणेचार इंच लांब! काम करणारे गृहस्थ फितीची चाके हाताने मागेपुढे फिरवत, नेमकी जागा कानाने शोधत, पेन्सिलीने खूण करत आणि पात्याने तिरका छेद देऊन तो तुकडा काढत. मग दोन्ही टोके चिकटपट्टीने जोडत. जोड कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, ही त्यातली कसोटी. कलम बांधताना आपण जसा तिरका काप घेतो, तसेच ते काम मला वाटले.

आज पाते गेले, फीत गेली, पण कसोटी तीच राहिली. आता आवाजाची लाट संगणकाच्या पडद्यावर दिसते. नको तो भाग निवडून काढता येतो आणि चुकले तर पहिल्यासारखे करता येते. त्यासाठी लागणारी आज्ञावलीही विकतच घ्यावी लागते असे नाही. 'ऑडॅसिटी' नावाची आज्ञावली २००० सालापासून लोकांना मोफत मिळते आहे आणि शिकण्यासाठी ती पुरेशी आहे.

यात नेमके करायचे काय? माझ्या भाषेत सांगायचे तर आधी भांगलण, मग पाखडणी. खोकला, अडखळणे, लांबलेली शांतता काढणे ही भांगलण. मागे सतत चालणारा पंख्याचा घरघराट किंवा विजेची गुणगुण कमी करणे ही पाखडणी. त्यासाठी बोलणे सुरू होण्याआधीची चार-पाच सेकंदांची शांतता मुद्दाम मुद्रित करून ठेवतात. त्या खोलीचा 'कोंडा' कसा आहे हे त्यावरून संगणकाला कळते आणि तो तेवढाच काढतो. पण सूप जोरात हलवले तर कोंड्याबरोबर दाणेही उडतात. आवाजाचेही तसेच आहे. सफाई फार केली की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. कुठे थांबायचे हे कानाने ठरवायचे असते, आणि तो कान सवयीने तयार होतो.

दोन गाईंचा प्रश्न

आता एका घराची गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण हे घर कोणत्याही दुष्काळी तालुक्यात सापडेल. जमीन पाच एकर, विहिरीला पाणी माघापर्यंत. खरिपात बाजरी, जमेल तेवढा कांदा, रब्बीची ज्वारी आणि दारात दोन संकरित गाई. धाकटा मुलगा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गावच्या सप्ताहात त्याने मोबाइलवर कीर्तन मुद्रित केले, घरी बसून त्यातली गडबड काढली आणि गावातल्या मंडळींना पाठवले. लोकांना आवडले. झाले, पोराच्या डोक्यात भरले की हेच आपले काम.

पुढच्याच महिन्यात त्याने बापापुढे यादी ठेवली. नवा संगणक, भारी माइक, स्पीकर, भिंतीला लावायचा फोम, सगळे मिळून दीड लाख. पैसे कुठून आणायचे? तर दोन्ही गाई विकून. बापाने यादी फाडली. आई एवढेच म्हणाली, "बाळा, गाई गेल्या तर आठवड्याचा बाजार मी कशावर करू?" पोरगा दोन दिवस जेवला नाही. मी तिथे गेलो होतो कांदाचाळीची पाहणी करायला, पण चहा समोर आला तो या भांडणासकट.

बापाला वाटत होते की मी पोराला झापावे. पोराला वाटत होते की साहेब शिकलेले आहेत, ते आपली बाजू घेतील. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, "नवीन वाण बाजारात आला तर तुम्ही पाचही एकरांत एकदम लावता का?"

बाप म्हणाला, "छे, आधी दोन-चार गुंठे लावून बघतो."

"आणि गुंठ्यातही लावायचाच नाही, असं म्हणता का?"

यावर तो काही बोलला नाही. मग तिथेच ठरले. गाई विकायच्या नाहीत. एक वर्ष मुदत. जुना पण चालू स्थितीतला संगणक आणि कान पूर्ण झाकणारा एक साधा हेडफोन, एवढ्यावर सुरुवात. कर्ज नाही. सकाळची धार आणि वैरण चुकवायची नाही. आणि एक वही घालायची. कोणते काम आले, किती तास लागले, किती पैसे मिळाले, हे रोज लिहायचे. वर्षाने ती वही बापलेकांनी समोरासमोर बसून वाचायची.

फोमच्या जागी आईने जुन्या गोधड्या दिल्या. तीन भिंतींना गोधड्या टांगल्या की खोलीतला घुमारा बराच कमी होतो, हे त्या पोराला तेव्हा कळले. महागड्या माइकने मोकळ्या खोलीत जे साधत नाही, ते साध्या माइकने गोधड्यांच्या खोलीत साधते.

छंद कुठे संपतो?

छंद आणि धंदा यांत एकच फरक आहे. छंदात आपल्याला आवडेल ते, आवडेल तेव्हा करायचे. धंद्यात दुसऱ्याला हवे ते, त्याला हवे तेव्हा द्यायचे. हा फरक त्या मुलाला दुसऱ्याच कामात समजला. एका महाराजांचे एकादशीचे कीर्तन त्याला सफाईसाठी मिळाले होते. पोराने त्यावर इतकी कारागिरी केली की द्वादशी उलटून गेली. महाराज म्हणाले, "एकादशी झाल्यावर फराळाचं ताट आणलंस. आता मी त्याचं काय करू?" पैसे मिळाले नाहीत. वहीत त्या दिवशी नऊ तास आणि शून्य रुपये अशी नोंद आहे. मला विचाराल तर सगळ्या वहीतली ती सर्वांत मोलाची ओळ.

दुसरा धडा पखवाजाने दिला. कीर्तनात पखवाज आणि टाळ यांनी बुवांचा आवाज झाकून टाकला होता. संगणकावर कितीही खटपट केली तरी तो वेगळा निघेना. एकदा माती आणि दाणा एकत्र झाला की निवडताना नाकी नऊ येतात, तसेच झाले. पुढच्या वेळी पोरगा आधीच देवळात जाऊन बसला. बुवांसाठी वेगळा माइक लावला, पखवाजाकडे त्याची पाठ केली आणि कार्यक्रमाआधी आवाजाची पातळी तपासून घेतली. सर्वांत मोठा आवाजही मापाच्या वरच्या रेघेला लागणार नाही, इतकी जागा मोकळी ठेवायची असते. त्या रेघेला लागून फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. रोग आल्यावर फवारण्यापेक्षा बीजप्रक्रिया स्वस्त, हे आम्ही तुम्हाला सांगतो ना, तेच इथेही खरे आहे.

वर्ष संपले. वही वाचली. पैसे मिळाले होते, पण तासाला भागले तर शेतमजुराच्या रोजापेक्षा कमी! बापाला वाटले आपण जिंकलो. पण हिशेब नीट पाहिला तेव्हा कळले की तोटा कामात नव्हता, दर ठरवण्यात होता. समजा एका तासाचे कीर्तन आहे. नवख्याला सफाईला ४ तास लागतात, पुन्हा पूर्ण ऐकून तपासायला १ तास आणि सांगितलेल्या दुरुस्त्यांना १ तास. झाले ६ तास. पोरगा कीर्तन एका तासाचे म्हणून एका तासाचेच पैसे मागत होता. त्या दिवसापासून त्याने तीन नियम केले. दर लागणाऱ्या तासांवर ठरवायचा. निम्मे पैसे आधी घ्यायचे. दोन वेळा दुरुस्ती मोफत, तिसऱ्या वेळेपासून पैसे.

आज त्याचे हे तिसरे वर्ष आहे. तीन कीर्तनकारांचे आणि एका शाळेचे काम त्याच्याकडे नियमाने येते. पुस्तके वाचून मुद्रित करणारे शहरातले एक गृहस्थही त्यालाच काम पाठवतात. लाखाच्या गोष्टी नाहीत, पण आठवड्याचा बाजार त्याच्या पैशातून होतो आणि दुधाचे पैसे शिल्लक पडतात. सकाळची धार अजून तोच काढतो. त्याचा बाप परवा मला म्हणाला, "दुसऱ्याचा खोकला काढायचे पैसे मिळतात, हे आमच्या बापजाद्यांनी कधी ऐकलं नव्हतं!"

काम कुठे आहे आणि धोका कुठे आहे

तुम्ही विचाराल, असे काम देणारे लोक आहेत तरी किती? आपल्या आसपास पाहा. कीर्तन, भारूड, जागरण-गोंधळ, अहिराणी गाणी, शाळेचे पाठ, शेतीची माहिती, हे सगळे आता यूट्यूबवर पाहिले-ऐकले जाते. २०१७ साली 'स्टोरीटेल' भारतात आले आणि मराठी पुस्तके कानाने ऐकण्याची सवय अनेकांना लागली. सरकारने २००६ साली सामुदायिक रेडिओचे धोरण रुंदावले आणि कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे व स्वयंसेवी संस्था यांनाही परवानगीची वाट मोकळी केली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे असेच उभे राहिलेले केंद्र. जवळपास असे केंद्र असेल तर मुलाला तिथे आठ दिवस नुसते पाहायला पाठवा.

आणि हे काम मुलग्यांचेच आहे असे समजू नका. घरात बसून, मूल झोपल्यावर, दोन तास मन लावून करता येण्यासारखे हे काम आहे. शेजारच्या तालुक्यातली एक सून शाळेच्या गोष्टींचे संपादन घरून करते. तिला सासूबाईंनी दुपारचे दोन तास मोकळे करून दिले आहेत. ही मदत संगणकापेक्षा मोठी आहे.

पण गुळाला मुंगळे लागतातच. दुसऱ्या एका घरी मुलाला शहरातल्या एका खाजगी वर्गात घातले. नोकरीची हमी होती म्हणून आईचे दागिने गहाण ठेवून फी भरली. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र मिळाले, नोकरी मिळाली नाही. तो मुलगा हुशार आहे, पण त्याची पहिली कमाई व्याजात गेली. तेव्हा जो वर्ग नोकरीची हमी देतो, त्याच्याकडे आधी शिकून गेलेल्या पाच मुलांचे पत्ते मागा आणि त्यांच्या घरी जाऊन या. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, पण तेही वर्षभराची वही भरल्याशिवाय काढू नये असे माझे मत आहे.

ज्याला खरेच वरचे शिक्षण घ्यायचे आहे, त्याच्यासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली ती सुरू झाली. पदवीनंतर तिथे ध्वनीचे शिक्षण मिळते, पण प्रवेशपरीक्षा कठीण असते. याच संस्थेत शिकलेल्या रेसूल पुकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेअर' चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह २००९ साली ऑस्कर मिळाले. ते केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यातल्या खेड्यात वाढले आणि त्यांच्या लहानपणी गावात वीजही नव्हती. हे उदाहरण ऑस्करच्या आशेने सांगत नाही. खेड्यात वाढलेला कान शहरी कानापेक्षा कमी नसतो, एवढेच सांगायचे आहे. पावसाआधीचा वारा, पिलाला हाक मारणारी गाय, विहिरीत पडलेली घागर, हे ज्याने ऐकले आहे त्याच्या कानाची मशागत आधीच झालेली असते.

आणखी एक धोका आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने निघाली आहेत. एक बटण दाबले की घरघर बरीचशी जाते. त्यामुळे नुसती सफाई येते एवढ्या बळावर पुढे पोट भरणार नाही. पण अभंगाच्या चरणानंतरची शांतता हा श्वास आहे की अडखळणे आहे, बुवा मुद्दाम थांबले की शब्द विसरले, माणदेशी माणसाचा हेल हा दोष आहे की गोडवा, हे ठरवायला भाषा आणि माणूस कळावा लागतो. तिथे आपल्या मुलांचा हात वरचा राहील, जर त्यांनी आपली भाषा आणि आपली माणसे कान देऊन ऐकली तर.

जाता जाता मुलांना चार सूचना. मूळ मुद्रणाला हात लावू नका, नेहमी त्याच्या प्रतीवर काम करा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. दाबून लहान न केलेला एक तासाचा आवाज सुमारे ६०० एमबी जागा खातो, त्याची सोय आधी पाहा. दुसऱ्याचे गाणे परवानगीशिवाय जोडू नका. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. गावच्या शाहिराचा आवाज घेतला तर त्यालाही विचारा आणि त्याचा वाटा द्या. आणि कान जपा. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास घालवणे ही कामगारांसाठी ठरवलेली मर्यादा आहे, म्हणून हेडफोनचा आवाज त्याहून बराच खाली ठेवा आणि तासाभराने उठून रानात चक्कर मारून या. या धंद्यात कान हीच जमीन आहे. ती एकदा खारवली की सुधारत नाही.

आणि आईबापांना एकच विनंती. पोराच्या छंदासाठी गाय विकू नका, पण त्याला गुंठाभर जागा मात्र जरूर द्या. एक वर्ष, एक वही आणि रोजचे दोन तास. वर्षाने वही सांगेल ते दोघांनीही मान्य करायचे. उगवले तर पुढच्या हंगामात क्षेत्र वाढवा. नाही उगवले तरी हिशेब, वेळ आणि दुसऱ्याचे मन ओळखणे एवढे तरी तो शिकलेला असेल, आणि ते बियाणे कुठल्याही जमिनीत उगवते.